नावानिशी

मला स्पॅनिश येत नाही. तरीही गेले काही महिने रात्रीची निजानीज झाली की मी इअरफोन लावून एका स्पॅनिशभाषक बिशपची प्रवचने ऐकतो आणि शेजारी त्यांचे भाषांतर उघडून ठेवतो. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या लहानशा देशाच्या राजधानीचे, म्हणजे सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी 1977 ते 1980 या तीन वर्षांत दिलेली ही प्रवचने त्या काळी रेडिओवरून प्रसारित होत, आणि त्यामुळेच ती ध्वनिमुद्रित स्वरूपात उरली. एकेक प्रवचन तासाचे, दीड तासाचे, कधी त्याहूनही लांबलेले असते. पहिला मोठा भाग त्या रविवारच्या शास्त्रपाठांचा असतो आणि तो चालू असताना माझे डोळे भाषांतराच्या ओळींमागे धावत असतात. मग एका टप्प्यावर 'या आठवड्यातील घटना' सुरू होतात आणि मला भाषांतराची गरज फारशी उरत नाही, कारण आता येतात ती माणसांची नावे, गावांची नावे, वार, तारखा आणि आकडे. कोणाला कोठून उचलून नेले, नेणाऱ्यांच्या अंगावर कोणता गणवेश होता, कोणाचा मृतदेह कोणत्या रस्त्याच्या कडेला सापडला, कोणाची आई अजून तुरुंगांचे दरवाजे ठोठावत फिरते आहे, हे सारे एखादा कारकून वहीतून वाचून दाखवील तशा क्रमवार पद्धतीने वाचले जाते.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे बैठकांची इतिवृत्ते लिहिण्यात गेली, त्यामुळे या वाचनाकडे माझे लक्ष जरा वेगळ्या कारणाने गेले. इतिवृत्त लिहिणाऱ्यांसाठी मराठीने फार सोयीची वाक्यरचना करून ठेवली आहे. 'निर्णय घेण्यात आला', 'विलंब झाला', 'योग्य ती नोंद घेण्यात आली' अशी वाक्ये लिहिली की करणारा कोण, हे त्या वाक्याला विचारताच येत नाही. नवशिक्या लेखनिकाला पहिल्याच वर्षी कळून चुकते की संकट ओढवते ते क्रियापदामुळे नव्हे, तर कर्त्यामुळे. 'गोळीबारात काही जण मृत्युमुखी पडले' हे वाक्य कोणत्याही राजवटीत निर्धास्तपणे छापता येते. रोमेरो यांची रविवारची वाक्ये तशी नव्हती. त्यांत कर्ता असे आणि ज्याच्यावर आपत्ती कोसळली तो माणूस नावानिशी असे. संत म्हणून त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला कुतूहल आहे ते त्यांच्यातील नोंदी ठेवणाऱ्या माणसाचे, आणि तशा माणसाची बिशप म्हणून घडण कशी होते याचे.

त्यांचा जन्म 15 ऑगस्ट 1917 रोजी देशाच्या पूर्व भागात, होंडुरासच्या सीमेजवळच्या डोंगरांतील सिउदाद बारिओस या गावी झाला. वडील सांतोस रोमेरो हे तारमास्तर होते आणि तारेची कचेरी राहत्या घरातच होती. तार या गोष्टीला स्वतःची एक शिस्त असते: मजकूर मोजका, नाव बिनचूक, आणि ज्याची त्याच्याच हाती द्यायची. गावात तारा पोहोचवणाऱ्या पोरावर या शिस्तीचा संस्कार झाला असेल, असे मला वाटते. अर्थात हा माझा तर्क झाला. वडिलांनी मुलाला सुताराच्या हाताखाली घातले होते, पण मुलाचे मन धर्मगुरू होण्याकडे लागले आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास तो सान मिगेलच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, गेला. मध्यंतरी घरची ओढाताण झाली तेव्हा तीन महिने त्याने भावांबरोबर सोन्याच्या खाणीत मजुरीही केली. पुढे रोमला जाऊन त्यांनी ग्रेगोरियन विद्यापीठात ईशशास्त्राचे शिक्षण घेतले आणि 4 एप्रिल 1942 रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, त्यांची गुरुदीक्षा झाली. घरचे कोणी त्या सोहळ्याला येणे शक्यच नव्हते. पुढच्या वर्षी डॉक्टरेटचा अभ्यास अर्धवट सोडून मायदेशी परतताना, इटलीहून आलेले म्हणून संशयापोटी क्युबामध्ये त्यांना आणि त्यांच्या सोबत्याला काही महिने स्थानबद्ध करण्यात आले. (पाहा, 'करण्यात आले' असे मीही लिहून गेलो. सवय जात नाही.)

त्यानंतरची तेवीस-चोवीस वर्षे सान मिगेल धर्मप्रांतात, म्हणजे तेथील बिशपच्या अखत्यारीतील मुलखात, गेली आणि हा काळ चरित्रकार सहसा घाईने उरकतात. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. ते बिशपांचे सचिव होते, धर्मप्रांताचे वृत्तपत्र चालवत होते, कॅथेड्रलचा धर्मग्राम, म्हणजे तेथील स्थानिक भाविकांचा समुदाय, सांभाळत होते, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकांपासून भक्तमंडळांपर्यंत सगळीकडे हजर असत. खेड्यांतील शेतमजुरांना शहरी चर्चमध्ये पाऊल टाकायला संकोच वाटतो हे ओळखून त्यांनी शहरातील पाच रेडिओ केंद्रांना आपली रविवारची प्रवचने प्रसारित करायला राजी केले होते. गरिबाला दानधर्म करावा आणि श्रीमंताकडून त्यासाठी देणगी घ्यावी, ही त्यांची त्या वेळची समज होती. गरिबी कोठून येते हा प्रश्न त्यांच्या टिपणात अजून आला नव्हता. सहकारी धर्मगुरूंना ते करडे आणि एकलकोंडे वाटत. 1966 मध्ये तर मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांच्या स्वभावातील काटेकोरपणा विकाराच्या पातळीला गेल्याचे निदान केले होते. मराठीत 'पापभीरू' हा शब्द आपण कौतुकानेही वापरतो आणि कीव करतानाही. रोमेरो दोन्ही अर्थांनी पापभीरू होते. आपल्या हातून नियम मोडला तर नाही ना, प्रार्थनेत कसूर तर झाली नाही ना, या शंकेने स्वतःला पोखरत राहणारा हा माणूस होता.

अशा माणसाची बढती व्हायला अडचण येत नाही. 1967 मध्ये ते देशाच्या बिशप परिषदेचे सचिव झाले आणि 1970 मध्ये सान साल्वादोरचे सहायक बिशप. सहायक बिशपला स्वतःचा धर्मप्रांत नसतो, पण प्रत्येक बिशप कोणत्या तरी धर्मप्रांताचा असलाच पाहिजे असा संकेत असल्यामुळे त्याला एखाद्या लुप्त झालेल्या प्राचीन धर्मप्रांताची उपाधी दिली जाते. रोमेरो यांच्या वाट्याला तांबेआए नावाचे उत्तर आफ्रिकेतील, केव्हाच नामशेष झालेले ठिकाण आले. ज्या गावात एकही जिवंत माणूस नाही त्या गावचा बिशप, ही कल्पना मला फार विलक्षण वाटते. बोधवाक्य म्हणून त्यांनी 'सेंतिर कोन ला इग्लेसिया' हे शब्द निवडले, म्हणजे ख्रिस्तसभेला जे जाणवते तेच आपल्याला जाणवावे. त्या वेळी त्यांच्या लेखी ख्रिस्तसभा म्हणजे रोम, पोप आणि परंपरा होती. 1968 मध्ये कोलंबियातील मेदेयीन येथे लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी गरिबांच्या बाजूने उभे राहण्याची भाषा केली होती, तिच्याकडे ते संशयाने पाहत. धर्मप्रांताच्या 'ओरिएन्तासिओन' या साप्ताहिकाचे संपादक असताना 1973 मध्ये त्यांनी राजधानीतील जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या एका शाळेवर मार्क्सवादी शिकवणुकीचा ठपका ठेवला आणि मोठे वादंग माजवले.

1974 च्या अखेरीस त्यांना सान्तियागो दे मारिया हा ग्रामीण धर्मप्रांत मिळाला. हा कॉफीच्या मळ्यांचा मुलूख. तोडणीच्या हंगामात दूरदूरचे मजूर तेथे येत आणि थंडीच्या रात्री चौकातच अंग टाकत; रोमेरो यांनी त्यांना निजायला धर्मप्रांताच्या इमारती उघडून दिल्या. 21 जून 1975 रोजी त्रेस कायेस या वस्तीत नॅशनल गार्डच्या जवानांनी रात्री घरांत घुसून शेतमजुरांची हत्या केली. रोमेरो तेथे गेले, कुटुंबांना भेटले, मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासनाविधी केला. आणि मग त्यांनी काय केले, तर राष्ट्राध्यक्ष कर्नल मोलिना यांना एक खासगी पत्र लिहिले. जाहीर निषेध केला नाही. योग्य अधिकाऱ्याला योग्य मार्गाने कळवले की आपले काम झाले, या समजुतीतून आलेली ती कृती होती. तिला भित्री म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही, कारण अशी पत्रे मी स्वतः टंकलिखित केली आहेत आणि ती लिहिणाऱ्यांना खरोखरच वाटत असते की वरच्यांना वस्तुस्थिती ठाऊक नाही, एकदा कळली की ते काही तरी करतील.

सान साल्वादोरचे वयोवृद्ध आर्चबिशप लुईस चावेस हे 38 वर्षांनी निवृत्त होत होते, तेव्हा त्यांच्या जागी कोणाला नेमावे याची चाचपणी सुरू झाली. बिशपची निवड मतदानाने होत नाही. त्या देशातील पोपचे राजदूत गुप्तपणे चौकशी करतात, नावे रोमला जातात, आणि पोप नेमणूक करतात. धर्मगुरूंची पसंती सहायक बिशप आर्तुरो रिवेरा दामास यांना होती. राजदूतांनी मात्र सरकारातील आणि व्यापारउदिमातील बड्या मंडळींचीही मते घेतली, आणि त्या मंडळींना रोमेरो हवे होते. पुस्तकात रमणारा, आजारी प्रकृतीचा, वाद टाळणारा माणूस कोणाला नको असतो? 3 फेब्रुवारी 1977 रोजी नेमणूक जाहीर झाली तेव्हा धर्मप्रांतातील बहुसंख्य धर्मगुरू निराश झाले. 22 फेब्रुवारीला त्यांनी सूत्रे घेतली, त्याच्या दोनच दिवस आधी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक उघड गैरप्रकारांनी उरकली गेली होती, आणि 28 फेब्रुवारीला तिचा निषेध करायला राजधानीतील चौकात जमलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या.

मग 12 मार्च आला. रुतिलियो ग्रांदे हे 48 वर्षांचे जेझुइट धर्मगुरू आगिलारेस या ऊसमळ्यांच्या गावात शेतमजुरांमध्ये काम करत होते. त्या संध्याकाळी ते एल पाइस्नाल गावी मिस्सेसाठी मोटारीने निघाले असता उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांच्याबरोबर मानुएल सोलोर्सानो हे 72 वर्षांचे गृहस्थ होते आणि नेल्सन लेमुस हा 16 वर्षांचा मुलगा होता. तेही मारले गेले. रोमेरो यांच्या बिशपदीक्षेच्या सोहळ्याची सारी व्यवस्था 1970 मध्ये याच ग्रांदे यांनी पाहिली होती. रोमेरो त्या रात्री आगिलारेसला गेले. चर्चमध्ये ओळीने ठेवलेले तीन मृतदेह त्यांनी पाहिले, रात्रीच मिस्सा केली, आणि जमलेल्या धर्मगुरूंना, धर्मभगिनींना आणि शेतकऱ्यांना विचारले की आता आपण काय करावे. आर्चबिशपने शेतकऱ्यांना सल्ला विचारणे ही गोष्ट त्या देशात सहसा घडणारी नव्हती.

पुढे जे ठरले त्यात मला हा माणूस सर्वांत जवळचा वाटतो. येत्या रविवारी धर्मप्रांतातील सर्व मिस्सा रद्द करून कॅथेड्रलसमोर एकच मिस्सा व्हावी, अशी सूचना आली. रोमेरो यांची शंका राजकीय नव्हती. मिस्सेमुळे देवाचा गौरव होतो; मग मिस्सा कमी केल्याने देवाचा गौरव कमी होणार नाही काय, असे त्यांनी बैठकीत विचारले. देशभर रक्त सांडत असताना कोणी असा हिशेब मांडावा याचे हसू येईल, पण ते पापभीरू मनाला पडलेले खरे कोडे होते आणि ते सुटल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हते. कोणी तरी दुसऱ्या शतकातील संत इरेनियस यांचे वचन आठवून दिले की जिवंत मनुष्य हाच देवाचा गौरव आहे. कोडे सुटले. पोपच्या राजदूतांचा विरोध असतानाही 20 मार्चला ती एकच मिस्सा झाली. सुमारे 1 लाख माणसे जमली. हत्येचा तपास लागेपर्यंत कोणत्याही सरकारी समारंभाला जाणार नाही असे त्यांनी जाहीर केले आणि तपास कधीच लागला नाही म्हणून ते कधीच गेले नाहीत, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीलाही नाही. शब्द पाळण्याच्या बाबतीतही काटेकोरपणा कामी येतो तो असा. तीन वर्षांनी बेल्जियममधील लूवें विद्यापीठाची मानद डॉक्टरेट स्वीकारताना त्यांनी इरेनियसच्या वचनात एक शब्द बदलला: जिवंत गरीब हा देवाचा गौरव आहे.

या एका रात्रीत रोमेरो पालटले, असे सांगण्याची प्रथा पडली आहे. गोष्ट म्हणून ती रंगतदार आहे, पण मला ती पटत नाही आणि खुद्द रोमेरो यांनाही ती मान्य नव्हती. 1978 मध्ये बिशपांच्या कारभाराचे व्हॅटिकनमधील प्रमुख कार्डिनल बाज्जो यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी खुलासा केला की आपण पूर्वी अधिक सावध वाटत होतो ते त्या वेळी तेच शुभवर्तमानाला धरून आहे असे प्रामाणिकपणे वाटत होते म्हणून. आर्चबिशप झाल्यावरच्या परिस्थितीने अधिक खंबीरपणा मागितला आणि तोही त्याच निष्ठेतून आला. मला हा खुलासा अक्षरशः खरा वाटतो. निदान झालेला काटेकोरपणा तोच होता, नियमांची भीती तीच होती, रेडिओची जाण सान मिगेलमधलीच होती, आणि बोधवाक्यही बदलले नव्हते. वहीत कोणाची नोंद करायची, एवढेच बदलले होते.

ही नोंद कशी होत असे तेही पाहण्यासारखे आहे. आर्चबिशपच्या कचेरीत बायाबापड्यांची रांग लागे: नवरा नेला, मुलगा परतला नाही, घर जाळले. त्यांची हकिगत लिहून घेतली जाई आणि धर्मप्रांताच्या छत्राखालील विधी साहाय्य केंद्राचे तरुण वकील ती पडताळून पाहत. वृत्तपत्रे धनिकांच्या मालकीची असल्यामुळे त्यांत यातले काहीच छापून येत नसे. रविवारी सकाळी आठच्या मिस्सेत, वायएसएएक्स या धर्मप्रांताच्या रेडिओवरून, आठवड्याची ती वही वाचली जाई, आणि डोंगरांतील खेड्यांत ट्रांझिस्टरभोवती बसलेल्या लोकांना प्रथमच आपल्या गावाचे नाव आर्चबिशपच्या तोंडून ऐकू येई. यादी एकतर्फी नव्हती. 1977 मध्ये डाव्या गनिमांनी परराष्ट्रमंत्री मौरिसियो बोर्गोनोवो यांचे अपहरण करून त्यांना ठार मारले, तेव्हा त्यांच्या सुटकेचे आवाहनही रोमेरो यांनी केले होते आणि अंत्यविधीची मिस्साही त्यांनीच केली. ऑक्टोबर 1979 मध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता उलथवली तेव्हा त्यांनी नव्या सरकारला संधी द्यावी अशी भूमिका घेतली, म्हणून डावे त्यांच्यावर चिडले. उजवे तर आधीपासूनच चिडलेले होते. 'देशभक्त व्हा, एक धर्मगुरू मारा' अशी पत्रके राजधानीत वाटली जात होती, आणि हा नुसता इशारा नव्हता.

विरोध घरातूनही होता. देशातील बिशपांमध्ये रिवेरा दामास सोडले तर बाकीचे त्यांच्या विरुद्ध होते आणि रोमला तक्रारी करत होते. रोमहून पाहणीसाठी प्रतिनिधी आले. त्यांच्यापैकी एकाने तर आर्चबिशपच्या डोक्यावर प्रशासक नेमण्याची शिफारस केली. या पार्श्वभूमीवर 7 मे 1979 रोजी रोमेरो पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटले. जाताना त्यांनी कागदपत्रे नेली होती आणि त्यांत ओक्तावियो ओर्तिस या धर्मगुरूचे छायाचित्र होते. बिशप झाल्यावर रोमेरो यांनी गुरुदीक्षा दिलेले हे पहिले धर्मगुरू. 20 जानेवारी 1979 रोजी तरुणांचे शिबिर चालू असताना सुरक्षादलांनी तेथे घुसून त्यांना आणि चार मुलांना मारले होते. रोमेरो रोज रात्री ध्वनिफितीवर दैनंदिनी बोलून ठेवत, म्हणून या भेटीचा वृत्तान्त आपल्याला त्यांच्याच शब्दांत मिळतो. पोपनी समतोल आणि सावधगिरी राखायला सांगितले. विशिष्ट घटनांवर आरोप करताना चुका होण्याचा धोका असतो, त्यापेक्षा तत्त्वांवर बोलावे, असा त्यांचा सल्ला होता. त्यावर रोमेरो यांनी नम्रपणे सांगितले की काही प्रसंगी नेमकेच बोलावे लागते, कारण अन्यायच नेमका झालेला असतो. आणि उदाहरण म्हणून ओक्तावियो यांचे नाव घेतले.

हा उतारा वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीत घडलेल्या पोपना ख्रिस्तसभेची एकजूट जपणे हे पहिले कर्तव्य वाटत होते, आणि त्यांचा सल्ला व्यवहारी दृष्टीने चुकीचा म्हणता येत नाही; माझ्या वरिष्ठांनीही मला हाच दिला असता. तत्त्वांवर बोलणाऱ्या माणसाला कोणी गोळी घालत नाही. पण ज्याने आयुष्यभर रोमला जाणवते तेच आपल्याला जाणवावे अशी प्रार्थना केली, त्याने प्रत्यक्ष पोपसमोर हातात एका मृत माणसाचे छायाचित्र धरून 'नाही, हा अन्याय नेमका आहे' असे म्हणणे, यासाठी त्याला काय किंमत मोजावी लागली असेल याचा अंदाज करवत नाही. त्या भेटीने ते खिन्न झाले. जानेवारी 1980 मध्ये पुन्हा भेट झाली, ती अधिक मायेची होती. त्यांचे नाव 1979 च्या नोबेल शांतता पारितोषिकासाठी ब्रिटिश खासदारांनी सुचवले होते. ते पारितोषिक मदर तेरेसा यांना मिळाले.

ते राहत होते कर्करोगाच्या रुग्णांसाठी कार्मेलाइट धर्मभगिनी चालवत असलेल्या दिविना प्रोविदेन्सिया रुग्णालयाच्या आवारात. आधी चॅपेलच्या मागच्या खोलीत, आणि नंतर भगिनींनी बांधून दिलेल्या तीन खोल्यांच्या घरात. शूर माणसाचे वर्णन करताना आपण त्याला निर्भय म्हणून मोकळे होतो. रोमेरो निर्भय नव्हते. रात्री झाडावरचे फळ छपरावर पडले तरी ते दचकून उठत, असे सांगतात. फेब्रुवारी 1980 मधील आपल्या शेवटच्या मौनसाधनेच्या टिपणांत त्यांनी हिंसक मृत्यूची भीती वाटते असे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच महिन्यात त्यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहून साल्वादोरच्या लष्कराला मदत देऊ नये अशी विनंती केली. मदत थांबली नाही. मार्चमध्ये त्यांनी जेथे मिस्सा केली होती त्या बॅसिलिकेत वेदीजवळ डायनामाइटच्या 72 कांड्या भरलेली बॅग सापडली.

23 मार्च 1980 चे प्रवचन मी सर्वांत अधिक वेळा ऐकले आहे. घातपाताने बंद पडलेले रेडिओ केंद्र त्या दिवशी पुन्हा सुरू झाले होते. जवळजवळ दोन तासांनी, आठवड्याची वही वाचून झाल्यावर, ते लष्कराला उद्देशून बोलू लागतात, आणि लगेच स्वतःला दुरुस्त केल्यासारखे 'एन कोन्क्रेतो' असे म्हणतात. नेमके सांगायचे तर, नॅशनल गार्डच्या, पोलिसांच्या, बराकींतील साध्या शिपायांना. तुम्ही आमच्यातलेच आहात, आपल्याच शेतकरी भावांना मारता आहात, देवाच्या नियमाविरुद्धची आज्ञा पाळायला कोणीही सैनिक बांधील नाही. मग ती तीन क्रियापदे येतात: विनवतो, याचना करतो, आज्ञा देतो, देवाच्या नावाने, दडपशाही थांबवा. प्रत्येक पायरीवर टाळ्यांचा आवाज वाढत जातो. अधिकाराची चौकट ज्याने जन्मभर पाळली तो माणूस तिसऱ्या क्रियापदाशी ती ओलांडतो, कारण बिशपला शिपायाला आज्ञा देण्याचा अधिकार कोणत्याच नियमपुस्तकात नसतो, आणि हे त्या चर्चमधील इतर कोणाहीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. हत्येनंतर त्यांच्या अंत्ययात्रेतही बॉम्ब आणि गोळ्या चालल्या. देशात 12 वर्षे यादवी युद्ध झाले आणि सुमारे 75,000 माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने 15 मार्च 1993 रोजी, रोमेरो यांच्या हत्येचा हुकूम माजी मेजर रोबेर्तो दाउब्विसोन यांनी दिला होता असे नावानिशी नोंदवले. ते तोपर्यंत मरण पावले होते, आणि अहवालानंतर पाचच दिवसांत संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा केला, जो सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द ठरवला. प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्याचे नाव त्या अहवालात नाही. रोममध्ये संतपदाचे प्रकरण अनेक वर्षे अडले ते याच प्रश्नावर की मारणारेही कॅथलिकच असतील तर त्यांनी श्रद्धेच्या द्वेषापोटी मारले असे म्हणता येईल काय. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'होय' असे उत्तर दिले आणि 14 ऑक्टोबर 2018 रोजी त्यांना संत घोषित केले. त्या दिवशी पोपनी कमरेला बांधलेला दोर रोमेरो यांचा होता, रक्ताच्या डागांसकट.

24 मार्च 1980 च्या वृत्तपत्रांत एक छोटी जाहिरात होती. एका स्वतंत्र बाण्याच्या वृत्तपत्राच्या संपादकाच्या आईच्या, सारिता यांच्या, प्रथम स्मृतिदिनाची मिस्सा संध्याकाळी सहा वाजता, दिविना प्रोविदेन्सिया रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये, आर्चबिशप करणार आहेत, असा तिचा मजकूर होता. नाव, ठिकाण, वेळ, सारे बिनचूक. रोमेरो त्या दिवशी काही धर्मगुरूंबरोबर समुद्रावर जाऊन आले, परतल्यावर सान्ता तेक्लाला जाऊन त्यांनी पापनिवेदन केले, आणि चॅपेलमध्ये आले. प्रवचन दहाच मिनिटांचे होते, जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्यावरचे. चॅपेलचा दरवाजा उघडा होता आणि बाहेर लाल रंगाची एक फोक्सवागन येऊन थांबली.

त्या संध्याकाळचेही ध्वनिमुद्रण आहे. प्रवचनाच्या शेवटच्या वाक्यात त्यांनी जमलेल्यांना प्रार्थनेत एकत्र यायला सांगितले आहे, 'दोन्या सारितासाठी आणि आपल्या सर्वांसाठी'. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या 'बाई'सारखे आदराचे संबोधन. ते नाव ऐकले की मी इअरफोन काढून ठेवतो.